दोन कॉम्प्युटर पोटात घेतलेलं टेबल: वर्षभराच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगते. टेबल छान चाललंय, दिवसाचा बराचसा वेळ त्यावरच जातो आणि हे काढून कॉम्प्युटरचा साधा कॅबिनेट (नेहमीचा उभा डबा) आणावा असं वाटत नाही. पण बनवताना ज्या गोष्टींचा सगळ्यात जास्त विचार केला होता, त्यांचं आता फारसं काही वाटत नाही. रोजच्या वापरात भलत्याच गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. असं टेबल बनवायच्या विचारात असलेल्यांना त्या आधीच कळाव्यात म्हणून हे सविस्तर लिहितेय.

टेबल १६०० मिमी लांब आणि ७५० मिमी रुंद आहे. १८ मिमीचं प्लायवूड, वर सनमायका, खाली लोखंडी चौकट. दोन्ही टोकांना एकेक पेटी आहे. डावीकडच्या मोठ्या पेटीत व्हिडिओ एडिटिंगचा मुख्य कॉम्प्युटर आहे, एटीएक्स म्हणजे मोठ्या मापाच्या मदरबोर्डाचा. उजवीकडच्या छोट्या पेटीत बॅकअपसाठी कायम चालू असणारा मिनी आयटीएक्स, म्हणजे लहान मापाच्या बोर्डाचा. पेट्यांवर काच आहे आणि मधल्या भागात, जिथे हात आणि कीबोर्ड असतो, तिथे नुसतं लाकूड.

अशी टेबलं तयारही मिळत आली आहेत. लियान ली या कॅबिनेट बनवणाऱ्या कंपनीच्या डीके मालिकेतली टेबलं बऱ्याच जणांनी पाहिली असतील: अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, वर सलग काच आणि आत सगळं मांडलेलं. दिसायला ती अप्रतिम आहेत. तरीही मी सलग काच घेतली नाही. दहा मिमी जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला २५ किलो असतं, म्हणजे या मापाच्या टेबलावर ३० किलोंची एकच काच. आतली एक वायर सैल झाली तरी ती उचलायला दोन माणसं लागणार. माझ्या डाव्या पेटीवरची आठ मिमीची काच साधारण सहा किलोंची आहे, ती मी एकटी उचलते.

दुसरं कारण पायांचं. पेटीची आतली उंची २०० मिमी, तळाचं प्लाय आणि काच धरून एकूण २२६ मिमी. टेबलाची उंची ७३५ मिमी ठेवली, तर पेटीखाली उरतात ५०९ मिमी. एवढ्या जागेत मांड्या मावत नाहीत. आणि टेबल उंच केलं तर खांदे वर उचलून टाइप करावं लागतं, ज्याचा त्रास काही आठवड्यांतच जाणवू लागतो. पेट्या कडेला सरकवल्या आणि मधला भाग पातळ राहिला, त्यामुळे आज मी या टेबलावर तासन्‌तास बसू शकते. माझ्या मते संपूर्ण आराखड्यातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. फोटोत तो दिसतही नाही.

त्याच्या खालोखाल महत्त्वाचा आहे ट्रे. बोर्ड, कार्ड आणि पॉवर सप्लाय पेटीच्या तळाला न ठोकता अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवलेत आणि तो पत्रा टेलिस्कोपिक चॅनलवर ड्रॉवरसारखा पूर्ण बाहेर येतो. प्लायवूडचं टेबल पंधरा-वीस वर्षं सहज टिकतं. त्यातला कॉम्प्युटर चार-पाच वर्षांत मागे पडतो. म्हणजे या टेबलात अजून तीन-चार कॉम्प्युटर येऊन जाणार आहेत, आणि दर वेळी लाकडात नवी भोकं पाडत बसायचं नसेल तर बदलता येईल असा पत्राच हवा. मध्यंतरी ग्राफिक्स कार्ड बदललं तेव्हा ट्रे ओढला, उभ्याउभ्या काम केलं आणि आत ढकलला. टेबलाखाली शिरावं लागलं नाही. मात्र ट्रे बाहेर येण्यासाठी मागे प्रत्येक वायरला हातभर ढील लागते. स्क्रीनला जोडणारी डिस्प्लेपोर्टची साधी केबल फार लांब झाली तर जास्त रिझोल्यूशनला चित्र मधेच जाऊ शकतं, त्यामुळे वायरींचा मार्ग आधी सुतळीने मोजून मगच केबल घ्याव्यात.

कार्डाबद्दल एक गोष्ट. नेहमीच्या कॅबिनेटमध्ये आपण कार्डाची लांबी बघतो. इथे बोर्ड आडवा झोपलेला असल्यामुळे कार्ड उभं राहतं आणि आता अडते ती उंची. कार्ड १४० मिमी, खालचा स्लॉट आणि बोर्ड ज्यांवर बसतो ते स्क्रूचे खुंट मिळून वीसेक, वर पॉवर केबल वळायला निदान ३५ मिमी. झाले की १९५! काचेला पाच मिमी उरतात. रायझर केबल (कार्ड आणि स्लॉट यांच्यामधली जोडवायर) लावून कार्ड आडवं ठेवता येतं, पण रायझर तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईचा (कार्ड बोर्डाला जोडणारी पद्धत) आणि बोर्ड-कार्ड चौथ्या पिढीचं असेल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) वेग हाताने कमी करावा लागतो, नाहीतर स्क्रीन काळा राहणं किंवा अधूनमधून हँग होणं असे प्रकार होतात. मी रायझर टाळला. उभ्या कार्डाचं वजन सरळ खाली स्लॉटवर येतं, त्यामुळे ते एका बाजूला झुकत नाही, हा वरचा फायदा.

आता हवा. लाकूड उष्णता बाहेर जाऊ देत नाही. लोखंडी कॅबिनेटचे पत्रे थोडी तरी उष्णता बाहेर टाकतात, प्लायवूड जवळपास काहीच नाही. ४०० वॉट खाणारा कॉम्प्युटर ४०० वॉटची उष्णताच सोडत असतो आणि ती सगळी हवेनेच बाहेर न्यायची असते. माझ्या पेटीत खालून पुढच्या बाजूला १२० मिमीचे दोन पंखे हवा आत घेतात आणि मागे एक बाहेर टाकतो. आत येणारी हवा जास्त, बाहेर जाणारी कमी, म्हणून फटींतून धूळ ओढली जात नाही. हवा येते ती आत घेणाऱ्या पंख्यांवरच्या जाळीतूनच येते. जाळी चुंबकाने चिकटते, दर महिन्याला काढून धुते. गरम हवा मागून जाते, त्यामुळे पायांना झळ लागत नाही. भिंत आणि टेबल यांच्यात मात्र १५० मिमी अंतर ठेवावंच लागलं. खोली लहान असेल तर हा हिशेब आधीच करा.

प्रोसेसरला लिक्विड कूलर न लावता टॉवर कूलर (धातूच्या पट्ट्यांचा, पंखा लावलेला उंच कूलर) लावला. बंद लूपच्या, म्हणजे द्रव भरून सील केलेल्या लिक्विड कूलरमध्ये थोडी हवा असतेच आणि ती सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंपाची नसावी. टेबलात सगळंच जवळपास एका पातळीवर असतं, रेडिएटर (द्रव थंड करणारा भाग) पंपापेक्षा वर राहील अशी मांडणी जमवणं कठीण जातं. टॉवर कूलर इथे उलट फार छान बसतो: बोर्ड आडवा असल्याने त्याचं वजन लटकत नाही आणि हवा सरळ मागच्या पंख्याकडे जाते. १५८ मिमी उंचीचा कूलर बसूनही काचेखाली वीसेक मिमी मोकळे राहिले. उकाड्याच्या दिवसांत लांबलचक रेंडरिंगला (तयार व्हिडिओची फाइल बनवताना) पंख्यांचा आवाज वाढतो, पण वेग घसरत नाही.

आवाजाने जास्त छळलं ते उजव्या पेटीने. तिथल्या हार्ड डिस्क ७२०० आरपीएमच्या, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. तेवढ्याच कंपनाचा बारीक गुंऽऽ आवाज अख्ख्या टेबलातून यायचा आणि मनगट टेकलं की हाताला जाणवायचा. कॅबिनेट जमिनीवर असतो तेव्हा हे कळतही नाही; इथे टेबलाचा पृष्ठभागच त्या आवाजाचं खोकं होतो. डिस्कच्या स्क्रूंना रबरी बुशिंग आणि खाली जाड फोम दिल्यावर नव्वद टक्के थांबला. रात्री अगदी शांत असताना अजूनही कानावर येतो. शक्य असेल तर टेबलात फक्त एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या डिस्क ठेवा.

पाण्याचा विचार बहुतेक आराखड्यांत दिसत नाही, आणि मला तो सगळ्यात गरजेचा वाटतो. ज्या टेबलावर पाण्याची बाटली, चहाचा कप असणार, त्याच टेबलात चालू मशीन आहे. माझ्या काचा लाकडापेक्षा तीन मिमी वर आहेत आणि कडेला रबरी बीडिंग आहे. एकदा मधल्या भागावर पेलाभर पाणी सांडलं, काचेच्या कडेला येऊन अडलं आणि पुसून झालं. काच लाकडाशी अगदी सपाट बसवलेली दिसायला सुंदर असते, तरी मी कुणालाही तशी सुचवणार नाही.

काच टफन केलेलीच (तापवून मजबूत केलेली) घ्यावी. टफन झाल्यावर तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही, त्यामुळे वायरीचं भोक, बोटं घालायची खाच, सगळं आधी ठरवून द्यावं लागतं. कोपऱ्यावर बसलेला घाव तिला सोसत नाही. बाजूला काढून ठेवताना मी नेहमी जाड चटईवर ठेवते. आतले रंगीत दिवे सुरुवातीला रोज लावायचे. आता बंदच असतात, कारण एडिटिंग करताना खालून येणाऱ्या रंगाने स्क्रीनवरचे रंग नीट जोखता येत नाहीत.

वायरलेस माउस अडखळायचा. रिसीव्हर बोर्डाच्या मागे, यूएसबी ३ च्या पोर्टला खेटून होता, आणि या पोर्टचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो, जिथे माउस बोलत असतो. टेबलाच्या पुढच्या कडेखाली छोटा यूएसबी २ हब लावून रिसीव्हर तिथे आणला, प्रश्न मिटला. दोन्ही कॉम्प्युटरांचं पॉवर बटण, हेडफोनचं भोक हेही तिथेच, हाताशी.

पुढच्या सुट्टीत डाव्या पेटीचा तळ ३० मिमी खाली घेणार आहे, म्हणजे जास्त उंचीचं कार्डही मावेल. पेटी कडेला असल्यामुळे पायांना फरक पडत नाही. उजव्या पेटीतल्या हार्ड डिस्क कपाटातल्या वेगळ्या डब्यात जातील, नेटवर्कची एक वायर तिथवर ओढून झाली आहे.