तांबं मोजायचं की त्याचा माग काढायचा?

विल्सन डिसीजचा (शरीरात तांबं साठत जाण्याचा आनुवंशिक आजार) संशय आहे, रिपोर्टांची फाईल जाड झालीय, तरी डॉक्टर ठामपणे 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाहीत. अशा पेचात अडकलेल्यांसाठी आयसोटोप ट्रेसर चाचणीबद्दल, म्हणजे ओळखता येईल असं तांबं देऊन रक्तात त्याचा माग काढण्याबद्दल, हे लिहितोय. ज्यांच्या डोळ्यांत कायसर-फ्लायशर रिंग (बुबुळाच्या कडेला साठलेल्या तांब्याचं कडं) दिसलीय आणि सेरुलोप्लाझमिन (रक्तातलं तांबं धरून ठेवणारं प्रथिन) १० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्याही खाली आलंय, त्यांचा निकाल जवळपास लागलेलाच असतो. त्यांनी आणखी चाचण्यांच्या नादी लागू नये.

बिघाड असतो तो यकृतातल्या एटीपी७बी या पंपात. हा पंप तांबं सेरुलोप्लाझमिनमध्ये भरतो आणि जास्तीचं पित्तातून बाहेर टाकतो. नेहमीच्या चाचण्या या बिघाडाचे परिणाम मोजतात, प्रत्यक्ष पंप चालतो का ते बघत नाहीत.

सेरुलोप्लाझमिनची चाचणी स्वस्त आणि झटपट होते, पण सूज, गरोदरपण किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांनी आकडा वर चढतो आणि आजार झाकला जातो. उलट तान्ह्या बाळांत तो मुळातच कमी असतो, नुसत्या वाहकांतही (जनुकाची एकच प्रत बिघडलेल्या, पण आजार नसलेल्या माणसांत) कमी येऊ शकतो. २४ तासांच्या लघवीत १०० मायक्रोग्रॅमच्या वर तांबं आलं की संशय बळावतो, मात्र पहाटेची एक लघवी डब्यात घ्यायची राहिली की सगळा हिशेब चुकतो. बायोप्सीत कोरड्या ऊतीच्या दर ग्रॅममागे २५० मायक्रोग्रॅम ही जुनी सीमारेषा. पण यकृतात तांबं सगळीकडे सारखं साठत नाही, सुई नेमकी रिकाम्या जागी गेली तर? शिवाय पित्त तुंबण्याच्या इतर आजारांतही हा आकडा वाढतो.

जनुक चाचणीत एटीपी७बी जनुकाच्या दोन्ही प्रतींत आजार घडवणारे बदल सापडले की वाद मिटतो. भावंडांच्या तपासणीला माझं मत डोळे झाकून याच चाचणीला. पण एकच बदल सापडला, किंवा रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला, की गाडी पुन्हा तिथेच अडते.

आयसोटोप ट्रेसरचा खरा उपयोग इथे आहे. आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू. निसर्गातल्या तांब्यात साधारण ६९ टक्के कॉपर-६३ आणि ३१ टक्के कॉपर-६५ असतं. जवळजवळ निव्वळ कॉपर-६५ चे काही मिलिग्रॅम तोंडाने द्यायचे, मग तीन दिवस ठरावीक वेळांना रक्त घेऊन दोघांचं गुणोत्तर बघायचं. पहिल्या काही तासांत ते सगळ्यांतच वाढतं, कारण आतड्यातून शोषण व्यवस्थित होत असतं. मग यकृत तांबं ओढून घेतं आणि आलेख उतरतो. निरोगी माणसात तो पुन्हा चढू लागतो, कारण तेच तांबं सेरुलोप्लाझमिनवर बसून रक्तात परत येतं. विल्सनमध्ये ही दुसरी चढण येत नाही. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते इथे कळतं.

हीच युक्ती पूर्वी किरणोत्सारी कॉपर-६४ वापरून करत. त्याचं अर्धायुष्य १२.७ तास, म्हणजे तिसऱ्या दिवसाअखेर जेमतेम २ टक्के उरतं. लहान मुलं आणि गरोदर बायकांना किरणोत्सार नकोच. कॉपर-६५ मध्ये ती भानगड नाही. मात्र यकृतातून पित्तात तांबं जातंय का, हे पेट स्कॅनवर (शरीरातल्या किरणोत्सारी पदार्थाचं चित्र घेणारी तपासणी) कॉपर-६४ च दाखवू शकतं. रक्ताचे नमुने ते दाखवत नाहीत.

ट्रेसरच्या उणिवाही लहान नाहीत. वाहकांचे आकडे अधेमधे पडतात आणि कधी निरोगी, तर कधी रुग्णांच्या आकड्यांत मिसळतात. आयसीपी-एमएस (अणू त्यांच्या वजनानुसार मोजणारं) यंत्र लागतं, तेही काळजीपूर्वक वापरलेलं: रक्तातला सोडियम (२३) यंत्रातल्या आर्गॉनला (४०) चिकटला की वजन होतं ६३, आणि मीठ तांब्याचं सोंग घेऊन मोजलं जातं! यकृत झपाट्याने निकामी होत असेल तर तीन दिवस थांबायला वेळच नसतो. मेंकेस डिसीजमध्येही (बाळाच्या शरीराला तांबं कमी पडण्याचा आनुवंशिक आजार) हा तोंडी प्रयोग नको. तिथे तांबं आतड्यातच अडकतं आणि बाळाच्या उपचाराचा एकेक दिवस मोलाचा असतो.

म्हणून ट्रेसर पहिल्या फेरीत नको, जनुक चाचणीही अडली तरच. लॅबशी बोलताना दोन गोष्टी विचारा: वाहकांसाठी त्यांची स्वतःची मर्यादा कोणती, आणि शेवटचा नमुना कितव्या तासाला घेतात. रुग्णाला झिंक सुरू असेल तर तेही आधीच सांगा, कारण झिंक तांब्याचं शोषण रोखतं आणि मग पहिली चढणच नीट दिसत नाही. पण चाचणीसाठी म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका.