वाचन-नियोजनाची वही: घ्या, पण पहिलं पान सोडून द्या

कोल्हापुरातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारी ही बिनतारखेची वही. ए-५ आकार, तारेची बांधणी. आधी वार्षिक लक्ष्याचं पान, मग १२ महिन्यांची आणि ५२ आठवड्यांची पानं, शेवटी एकेका पुस्तकासाठी दोन पानं. तारखा छापलेल्या नसल्यामुळे जूनमध्ये घेतली तरी अर्धी वही फुकट जात नाही.

लक्ष्याच्या पानावर पुस्तकागणिक एक असे ५० चौकोन रंगवायचे आहेत. घोळ इथेच होतो. चौकोन भरायच्या नादात ९० पानी पुस्तकं उचलली जातात आणि ६०० पानांचं चरित्र कपाटातच राहतं. त्यापेक्षा पानं मोजा. रोज २५ पानं, महिन्यातले २६ दिवस, म्हणजे ६५०. त्यातली चौथाई लग्नसराई आणि पाहुण्यांच्या नावानं आधीच सोडली, तर ४९० च्या आसपास उरतात. मध्यम जाडीची दोन पुस्तकं झाली. ही सूट धरली नाही, तर दुसऱ्याच आठवड्यात हिशेब चुकतो आणि वही बंद पडते.

महिन्याच्या पानावर 'विषय' असा रकाना आहे. तिथे नुसतं 'शाहूकाळ' लिहून काही हाती लागत नाही, प्रश्न लिहावा. उदाहरणार्थ, '२६ जुलै १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा हुकूम निघण्याआधी संस्थानात काय चाललं होतं?' मग वेदोक्त प्रकरण (शाहू महाराजांचे धार्मिक विधी वैदिक मंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिल्याचा वाद) आणि १९०१ चं मराठा बोर्डिंग आपोआप यादीत येतं, आणि १९१७ चं सक्तीचं प्राथमिक शिक्षण बिनधास्त पुढच्या महिन्यावर ढकलता येतं. क्रमही ठरवून ठेवा: आधी छोटं चरित्र, मग पत्रं-हुकूम, शेवटी टीकाकार. उलट्या क्रमानं वाचलं, तर टीकाकार नेमकं कशावर बोलतोय तेच कळत नाही.

पुस्तकाच्या दोन पानांत 'आवडलेली वाक्यं' याला भरमसाट जागा दिली आहे. नुसती वाक्यं उतरवून घेतल्यानं लक्षात फारसं राहत नाही. पुस्तक मिटून पाच ओळी आठवणीनं लिहा, मगच उघडून तपासा. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसनं १८८५ मध्येच मांडलं होतं. म्हणून समासात उजळणीच्या तीन चौकटी आखा: दुसरा दिवस, आठवडा, महिना. त्या छापलेल्या असत्या, तर वही दुप्पट कामाची झाली असती.

ग्रंथालयाची परतीची तारीख लिहायला रकानाच नाही. १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर ज्या गावात आहे, तिथे हे खटकतंच. आठवड्याच्या पानाच्या कोपऱ्यात तारीख टाका आणि आणलेलं पुस्तक घरच्याआधी संपवा.

कागद पातळ आहे. शाईपेन मागे उमटतं, पावसाळ्यात तर फुटतंच, बॉलपेन वापरा. पट्टी घेऊन रकाने आखायचा कंटाळा नसेल, तर २०० पानी लाँगबुकात हे सगळं स्वस्तात होतं. डावखुऱ्यांनी तर तेच घ्यावं, तार सतत हाताला लागते.