तळमजल्यावरची दुसरी शेगडी: धुराडं भिंतीतून बाहेर की घरातून वर?

वरच्या मजल्यावर लाकडाची एक शेगडी आहे, खालचा मजला मात्र गारठलेलाच राहतो, म्हणून तिथे दुसरी बसवायची, इथवर ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक मोह आधीच सोडा: खालच्या शेगडीची नळी वरचीच्या धुराड्यात सोडण्याचा. एकीचा धूर दुसरीच्या दारातून घरात यायला वेळ लागत नाही. प्रत्येकीला आपापलं धुराडं हवं. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की नळी जवळच्या भिंतीतून बाहेर काढून घराच्या कडेने वर न्यायची, की वरचा मजला आणि छप्पर भेदून सरळ वर.

मी दोन्ही करून बसलोय. आधी भिंतीतून, कारण तेच सोपं. भिंतीला एक भोक, बाहेर टी (T आकाराचा जोड), तिथून इन्सुलेशनची दुपदरी स्टेनलेस नळी. वरच्या खोल्यांना हात लावावा लागत नाही. काजळी काढायची तर टीच्या बुडाचं झाकण उघडायचं, घरात कणभर सांडत नाही. या एका बाबतीत बाहेरचं धुराडं आजही उजवं, हे मान्य.

त्रास सुरू झाला पेटवताना. रात्रभर थंडीत उभी असलेली नळी गार पडते, आतली हवा जड होऊन खाली उतरते. त्यात आपलं घर हेच एक मोठं धुराडं असतं: ऊबदार हवा वरच्या फटींतून निसटते आणि तिची भरपाई खालून होते. वरची शेगडी पेटलेली असेल तर ही ओढ आणखी वाढते. मग तळमजला हवा कुठून घेणार? सोपी वाट दिसेल तिथून, म्हणजे विझलेल्या शेगडीच्या नळीतून. सकाळी जिना उतरतानाच ओल्या काजळीचा कडवट वास नाकात शिरायचा. काडी ओढून शेगडीच्या उघड्या दाराशी धरली की ज्योत आत झुकायला हवी. माझ्याकडे ती वळून माझ्याच अंगावर यायची. मग खिडकी किलकिली करा, वर्तमानपत्राचा बोळा पेटवून नळीच्या तोंडाशी धरा, ओढ उलटायची वाट पाहा. पहिली दहा मिनिटं डोळे चोळण्यात जायची.

हे सगळं मी सोसलंही असतं. पण पेटवतानाचा धूर निदान दिसतो. एका रात्री वरची शेगडी भरून झोपलो, खालची निखाऱ्यांवर आली होती. पहाटे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कोकलायला लागला. निखारे मंदावतात तशी नळी गार होते आणि ओढ सुटते. धूर जवळपास नसतोच, वायू मात्र निघत राहतो. दारं-खिडक्या उघडून सगळे अंगणात कुडकुडत उभे होतो, तिथेच माझा निर्णय झाला.

पुढच्या उन्हाळ्यात शेगडी भिंतीपासून काढून घराच्या मधोमध आणली आणि नळी सरळ वर नेली. काम किचकट आहे. तुळया चुकवायच्या, प्रत्येक मजल्याच्या भोकाला आग अडवणारी तबकडी बसवायची, लाकडापासून अंतर राखायचं (माझ्या नळीला 2 इंच लागलं, तुमच्या नळीच्या पुस्तिकेत असेल तेच धरा). वरचं एक कपाट या नळीने खाल्लं, तो विषय घरात अजून निघतो.

पण आता काडी टेकवली की ज्योत आत खेचली जाते. दाब वगैरे मी मोजलेला नाही, एवढंच सांगतो की दोन हिवाळ्यांत बोळा जाळायची वेळ एकदाच आली. नळी घराच्या उबेत राहते, म्हणून काजळीही कमी धरते असं वाटतं: पूर्वी ब्रशला काळे चकाकणारे खपले यायचे, आता भुरभुरीत भुकटी येते. अर्थात सरपणही या खेपेला जास्त वाळलेलं आहे, त्याचंही श्रेय असेल. आणखी एक: धुराडं छपरातून निघतं तिथून किमान 3 फूट वर आणि 10 फुटांच्या आतल्या कशाहीपेक्षा 2 फूट उंच हवं. मधोमध आढ्याजवळून निघालं तर हे सहज जमतं. पागोळीच्या कडेने आलेली नळी तारांनी ताणून बांधत बसावं लागतं.

मधला मजला फोडणं शक्यच नसेल तर बाहेरून न्या, पण निदान नळीभोवती इन्सुलेशनची पेटी उभारा आणि वळणं कमी ठेवा. काटकोनी एका वळणापेक्षा 45 अंशांची दोन बरी. बाहेरची हवा थेट शेगडीत आणणारी नळीही मिळते. मी लावली होती. फरक जेमतेम पडला, तुमच्याकडे जास्त पडेल कदाचित.

खुद्द शेगडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लहान घ्या, मोठी घेऊन हवा कोंडून धुमसत ठेवली तर काजळीच वाढते. बिडाची ऊब धरून ठेवते, पण मला पोलादी पत्र्याची बरी वाटली, पटकन तापते आणि नळीलाही तापवते. कॅटलिस्टवाली, म्हणजे धूर जाळून टाकणारा लेप दिलेली जाळी असलेली, रोज दिवसभर जळणार असेल तरच. कॅटलिस्ट साधारण 260 अंश सेल्सिअसला कामाला लागतो, संध्याकाळच्या दोन तासांसाठी कशाला?

आधी वर जाऊन नळीची वाट शोधा, मग तिच्याखाली शेगडी ठेवा. मी उलटं केलं. भिंतीतलं जुनं भोक बुजवलंय, पण त्या गोलाचा रंग काही उरलेल्या भिंतीशी जुळत नाही.