कंपनीच्या ट्रेनिंगमधून ट्रक ड्रायव्हर झालो, ८ महिन्यांनंतरचा खराखुरा अनुभव

आधी चार वर्षं पिकअप चालवली. सांगोल्यातून डाळिंब भरायचं आणि रात्रीतून पुण्याला मार्केट यार्डात खाली करायचं, एवढंच. मग खोडकिडीनं आणि मर रोगानं आमच्याकडच्या बागा गेल्या तसं भाडं पण गेलं, गाडीचा हप्ता राहिला. तेवढ्यात चाकणच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीची जाहिरात बघितली, हेवीचं (म्हणजे मोठ्या ट्रकचं) ट्रेनिंग फुकट, राहणं-जेवण, वर महिना ८ हजार स्टायपेंड आणि नोकरी पक्की. कंपनीचं नाव टाकत नाही, अजून तिथंच आहे आणि बॉण्ड बाकी आहे.

लायसनचं आधी सांगतो कारण त्यातच पोरं अडकतात. पिकअपला माझं साधं फोर व्हीलरचं लायसन चालत होतं, साडेसात हजार किलोच्या आतल्या गाडीला ते चालतं हे २०२४ ला सुप्रीम कोर्टानं पण क्लिअर केलंय. ट्रकला मात्र हेवीच पाहिजे. त्यासाठी हलक्या गाडीचं लायसन निदान १ वर्ष जुनं आणि वय २० पूर्ण लागतं. आठवी पासची सरकारी अट २०१९ मध्येच निघाली पण कंपनीनं दहावी मागितली, आणि नुसती मागितली नाही तर ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतली, बॉण्ड संपल्यावर परत म्हणे. दोन वर्षांचा बॉण्ड, मधे सोडलं तर ३० हजार भरायचे. सही करताना मी हे वाचलंच नव्हतं, खोटं कशाला बोलू. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवस झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही, ते ३० दिवस म्हणजेच यांचं ट्रेनिंग.

ट्रेनिंग चांगलं होतं, हे मान्य करावंच लागेल. पहिला आठवडा वर्गात, त्यात एक दिवस सिम्युलेटरवर ज्यावर मला गाडी लागली (बोट लागल्यासारखं झालं, खऱ्या ट्रकमध्ये कधी नाही झालं). ब्रेकच्या एअरचे काटे वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, धूर साफ करायला जो युरिया लागतो त्याच्या टाकीत साधं पाणी टाकलं तर किती हजाराला पडतं, आरपीएमचा हिरवा पट्टा (इंजिन किती फिरवलं तर डिझेल कमी लागतं तो), हे सगळं नीट शिकवलं. सकाळी गाडीभोवती फिरून प्रत्येक टायरला टॉमी (लोखंडी दांडा) मारायची, आतला टायर बसलेला असला तर आवाज बद्द येतो, डोळ्याला दिसत नाही. आमच्या सरांनी भिंतीवर १९६१ चा मोटार कामगारांचा कायदा पण लावला होता, दिवसाला ८ तास, ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती. तेव्हा मला लई भारी वाटलं होतं.

मग उस्ताद, म्हणजे ज्याच्या शेजारी बसून शिकायचं तो सीनियर ड्रायव्हर. हा खरा मुद्दा आहे म्हणून जरा लांबण लावतो. कागदावर लिहिलेलं की लायसन आल्यावर ३० दिवस सीनियर ड्रायव्हरबरोबर सेकंड म्हणून जायचं. मला मिळाले ११ दिवस. सीझन होता, ड्रायव्हर कमी होते, बाराव्या दिवशी सुपरवायझरनं चावी हातात दिली, म्हणला तू तर पिकअपवाला, तुला काय शिकवायचं. माझी रूट चाकण ते होसूर, गाडी ३२ फुटी कंटेनर, आत गाड्यांचे पार्ट. ३२ फुटी आणि पिकअप यात मांजर आणि वाघाएवढं नातं असेल, तेवढंच.

त्या ११ दिवसांत जे शिकलो त्यावरच आज जिवंत आहे असं म्हणलं तरी चालेल. परतीच्या वाटेवर सातारा सोडून पुण्याकडं येताना नवीन कात्रज बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतार लागतो, अपघातांमुळं पेपरात कायम येतो तोच. तुम्ही ८००-९०० किलोमीटर मारून आलेले असता, घर दिसायला लागलेलं असतं, रस्ता रुंद आणि गुळगुळीत, उतार आहे हे पायाला कळतच नाही. तिथं कितीतरी जण न्यूट्रल मारतात डिझेल वाचवायला. उस्तादांनी बोगद्याच्या आतच गिअर खाली घेतला, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) लावला आणि मला म्हणले, ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसलास तर लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) तापतात आणि मग ब्रेक पेडल नुसतं पायपुसणं होतं. वर्गात हेच ऐकलं होतं पण वीस टन मागून ढकलतंय हे बुडाला जाणवल्याशिवाय डोक्यात जात नाही. आणि गंमत म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतच नाही, आजकालच्या इंजिनात गिअरमध्ये असताना रेस सोडली की डिझेल बंद होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतं. हे मी आता प्रत्येक ढाब्यावर सांगतो, निम्मे ऐकतात, निम्मे हसतात.

रिव्हर्स मात्र त्या ११ दिवसांत बसला नाही, तो माझा मला बसवावा लागला. होसूरला एका कंपनीत डॉकला (माल उतरवायच्या फलाटाला) गाडी लावताना पाऊण तास लागला, मागं सहा गाड्या हॉर्न मारतायत, सिक्युरिटीवाला तमिळमध्ये काय बोलतोय ते कळत नव्हतं ते एक बरंच झालं. शेवटी एक पंजाबी सरदारजी खाली उतरला, आरशात बघू नको माझ्या हाताकडं बघ म्हणला, दोन मिनिटांत लागली.

आता पैशाचं. फिक्स १४ हजार, वर किलोमीटरवर इन्सेंटिव्ह आणि ट्रिपचा भत्ता. चांगल्या महिन्यात ३१ हजारापर्यंत गेलोय, वाईट महिन्यात १९. फरक माझ्या चालवण्यामुळं पडत नाही, थांबण्यामुळं पडतो. गाडी गेटवर उभी राहिली की किलोमीटर शून्य. एकदा लोडिंगला ३८ तास उभा होतो, पार्किंगमध्ये संडास एक आणि गाड्या साठ. वर जीपीएसमध्ये ते ३८ तास आराम म्हणून धरतात, मग भरली की लगेच निघ, माल अर्जंट आहे. म्हणजे भिंतीवरचा कायदा पण पाळला गेला आणि मी पण रात्रभर जागा. वाराईचे (माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीचे) पैसे खिशातनं द्यायचे, पावती नसली की परत मिळत नाहीत, आणि हमाल कुठं पावती देतो? ॲव्हरेज टार्गेटपेक्षा कमी आलं तर पगारातून डिझेलची कटिंग. माझी दोनदा झाली, एकदा तर चित्रदुर्गजवळ ट्रॅफिकमध्ये अडकल्यामुळं.

आणखी एक, गाडी ब्रेकडाऊन होऊन माल दुसऱ्या गाडीत टाकला तर ई-वे बिलात (मालाबरोबरचा जीएसटीचा कागद) नवीन गाडीचा नंबर चढला का ते स्वतः बघा. ऑफिसवाले हो हो म्हणतात. माझ्या वेळी चढलाच नव्हता, दंड कंपनीनं भरला पण सहा तास चौकशीत मीच बसलो होतो.

बाकी नवीन ट्रकला सरकारनं एसी केबिन कंपलसरी केलंय म्हणे, माझी जुनी आहे, एप्रिलमध्ये इंजिनावर भाकरी भाजता आली असती. जेवणाचं मी केबिनमध्येच छोटी शेगडी ठेवलीय, पिठलं-भात होतो, रोज ढाबा परवडत नाही आणि पोटाला पण सोसत नाही. पहाटे ३ ते ५ मी गाडी चालवत नाही, सुपरवायझर कितीही ओरडला तरी, हे पण उस्तादांचंच. आषाढीला यंदा पहिल्यांदा घरी नव्हतो, आमच्याकडनं दिंड्या जात असतील आणि मी हुबळीच्या पुढं टायर बदलत होतो. लग्नाचं विचारू नका, पिकअपवाला होतो तेव्हा मालक होतो, आता ड्रायव्हर आहे.

जावं का? जवळ पैसे नसतील आणि हेवी शिकायचं असेल तर जा, बाहेर कुणी फुकट शिकवत नाही आणि क्लीनर म्हणून दोन-तीन वर्षं शिव्या खाण्यापेक्षा हे बरं. पण जॉईन होताना पगार विचारायच्या आधी सेकंड म्हणून किती दिवस देणार ते विचारा आणि लिहून घ्या. तिथं जुन्या बॅचची पोरं असतात, त्यांना चहा पाजा, ते खरं सांगतील. मार्कशीट देऊ नका, झेरॉक्सवर भागवा.

माझे बॉण्डचे १६ महिने राहिलेत. मागच्या आठवड्यात ऑफिसमधनं फोन आला, नवीन पोरगा आहे, ट्रॅक्टर चालवलाय त्यानं, तुझ्या गाडीवर एक ट्रिप बसवतो मग सोडू त्याला एकट्याला. मी म्हणलं बसवा, पण चार ट्रिप झाल्याशिवाय तो तयार आहे म्हणून मी कागदावर सही करणार नाही. बघतो म्हणले. अजून फोन नाही.