बिलात थर्मोस्टॅट १,८५० चा, आत नुसतं भोक

माझी सहा टायरची गाडी आहे, एकच, आणि चालवतोही मीच. निफाडहून वाशी मार्केटला कांदा आणि परतीला जो मिळेल तो माल. गेल्या मे महिन्यात वाशीहून भरल्या गाडीने परत येताना कसारा घाट चढत होतो, तर अर्ध्यातच तापमानाचा काटा लालमध्ये गेला. गाडी बाजूला घेतली, इंजिन निवू दिलं, पाणी टाकलं आणि रखडत-रखडत घाट काढला. वर हायवेवर एक गॅरेज दिसलं, तिथेच गाडी लावली.

मेस्त्रीने रेडिएटरमध्ये टॉर्च मारली आणि म्हणाला, "भाऊ, बुडबुडे बघा. हेड गॅस्केट गेलंय." म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरच्या भागाच्या, हेडच्या, मधली पट्टी. मी पाहिलं, बुडबुडे होतेच. नुकतीच उकळलेली गाडी, घाईघाईत ओतलेलं पाणी, हवा बाहेर पडणारच की! पण तेव्हा हे डोक्यात आलं नाही. "उद्या संध्याकाळी या," म्हणाला. माल दुसऱ्या गाडीत पलटी केला आणि मी एसटीने घरी आलो. माझी खरी चूक ही.

दुसऱ्या दिवशी बिल हातात पडलं ते १८,४०० रुपयांचं. हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं), हेड गॅस्केट, कूलंट, मजुरी आणि 'थर्मोस्टॅट नवा – १,८५०', म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. साध्या वहीच्या कागदावर, ना शिक्का ना जीएसटी नंबर. गाडी गरम व्हायची थांबली होती, म्हणून मी खूश. जुने पार्ट मागायचं सुचलंसुद्धा नाही.

पावसाळ्यापर्यंत ठीक चाललं. नंतर अॅव्हरेज पडायला लागलं. साडेसहाची गाडी साडेपाचवर आली. मी पंपवाल्याला शिव्या घालत पंप बदलले. डिसेंबरात निफाडची थंडी पडली (आमचा पारा राज्यात सगळ्यात खाली जातो म्हणून पेपरात येतं, तीच थंडी), तेव्हा सकाळी गाडी पांढरा धूर ओकायची आणि नाशिक आलं तरी काटा खालच्या रेघेवरून हलायचा नाही.

शेजारचे तात्या एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांनी पहाटे थंड गाडी चालू करायला लावली आणि माझा हात रेडिएटरच्या वरच्या होसवर ठेवला. "थर्मोस्टॅट असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो. इंजिन तापलं की झडप उघडते आणि पाइप एकदम गरम होतो. तुझा बघ." माझा पहिल्या पाच मिनिटांतच कोमट व्हायला लागला होता. "एकतर उघडा अडकलाय, नाहीतर आत नाहीच."

इंजिन पूर्ण गार झाल्यावर घरासमोरच काम काढलं. खाली घमेलं लावून कूलंट काढलं. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, त्यामुळे कुत्रा आणि शेळी आधी लांब बांधली. क्लिप ढिली केली, होस काढला, थर्मोस्टॅटवरच्या झाकणाचे, म्हणजे हाउसिंगचे, बोल्ट सोडवले. हाउसिंग निघालं आणि आत काहीच नाही. जिथे थर्मोस्टॅट बसतो त्या खाचेत निळ्या सिलिकॉनचा लगदा आणि मधे मोकळं भोक.

तात्यांनी मग टॉर्च इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरकडे वळवली. हेड उतरवायचं तर आधी ते कव्हर काढावंच लागतं. त्याच्या बोल्टांभोवती ऑइल-धुळीची जाड खपली, नखाने खरवडली तरी निघेना. हेडला जोडलेल्या मॅनिफोल्डचे नट गंजून घट्ट, पाना लागल्याची खूणही नाही. "हेड उतरलंच नाही रे," तात्या म्हणाले. म्हणजे बंद स्थितीत अडकलेला थर्मोस्टॅट काढून फेकला, गाडी थंड झाली आणि हेडचे पैसे वर. अर्ध्या तासाचं काम!

फोन केला तर मेस्त्री म्हणतो, "सगळेच काढतात भाऊ, गाडी थंड राहते, उपकारच केले." हे अर्धसत्य आहे. इंजिनाला ठराविक तापमान लागतं. त्याखाली चाललं तर डिझेल नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरतं आणि बोअर (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळ्या) लवकर झिजतात. शिवाय बायपास असलेल्या बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की थोडं पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं आणि उन्हाळ्यात चढावर गाडी उलट तापू शकते.

नवा आणला, तोही पहिल्यांदा डुप्लिकेट निघाला. खोकं हुबेहूब. तात्यांनी पातेल्यात पाणी ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध टांगला, बुडाला टेकू दिला नाही, आणि डेअरीतला थर्मामीटर सोडला. थर्मोस्टॅटवर ८२ अंशांचा छाप होता, म्हणजे त्याच्या आसपास उघडायला सुरुवात व्हायला हवी. पाणी खळखळलं तरी पठ्ठ्या जागचा हलला नाही. दुकानदाराला त्याच्याच चहावाल्याच्या भांड्यात दाखवलं, तेव्हा मुकाट बदलून दिला. दुसरा ८२ ला फटीएवढा उघडला आणि नव्वदीच्या पुढे पूर्ण. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे आणि हवेचं बारीक छिद्र वर. जुनं सिलिकॉन खरवडून नवं गॅस्केट टाकलं. हाउसिंग अॅल्युमिनियमचं, त्यामुळे बोल्ट आवळताना जोर केला नाही.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, त्यांनी पहिल्यांदा बिलच विचारलं. धंद्याच्या गाडीची तक्रार चालत नाही असं मला वाटायचं, पण २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला ग्राहक धरलंय. मुदत दोन वर्षं. वहीचा कागद, उघड्या हाउसिंगचे आणि त्या खपलीचे फोटो जोडून अर्ज करायचं चाललंय. तक्रारीचं नाव काढल्यावर मेस्त्रीने १,८५० पाठवले, बाकीचं विचारलं की फोन उचलत नाही.

गाडी आता नाशिकच्या बरीच अलीकडे, चांदोरी येईपर्यंतच, काटा मध्यावर आणते.