शनिवारचा पुरातत्त्व वर्ग : पाचपैकी साडेतीन तारे

वसईहून दर शनिवारी लोकल पकडून मुंबईत हा पुरातत्त्वाचा सर्टिफिकेट कोर्स केला. व्याख्यानं ठीक. खरी मजा सेमिनारची: पंधरा मिनिटं तुम्ही बोलायचं, वीस मिनिटं वर्गाने तुम्हाला सोलून काढायचं.

माझा विषय सोपारा, म्हणजे वसईजवळचं आजचं नालासोपारा. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. अशोकाच्या दगडावर कोरलेल्या आज्ञांपैकी आठव्या आज्ञालेखाचा तुकडाही त्याच वर्षी मिळाला. नवव्याचा १९५६ मध्ये, जवळच्याच भुईगावला. मी ऐटीत म्हणालो, "म्हणजे सोपारा मौर्यांचं मोठं बंदर होतं." मॅडमनी शांतपणे विचारलं, "लेखात बंदर कुठे आलंय?" घाम फुटला. लेख राजाची आज्ञा सांगतो. बंदर म्हणायला खापरं, नाणी, खाडीचा गाळ बघावा लागतो. पुढच्या खेपेला स्लाइडवर पुरावा काळ्या अक्षरांत आणि माझा अंदाज लाल अक्षरांत टाकला. तरी भांडण झालंच. लालात टाकलेलं अर्धं काळ्यात हवं होतं म्हणे!

खटकलं ते प्रोजेक्टरचं (दोनदा मान टाकली) आणि दर वेळी तेच चार जण बोलतात, लाजऱ्यांना कुणी ओढत नाही. फी मात्र वसूल. कँटीनचा वडापाव टाळा.