मशीन, हात की आपला आपण व्यायाम: गोव्यात फिजिओथेरपी निवडताना

गुडघा दुखायला लागला की आपल्याकडे पहिली चर्चा ठिकाणाची होते. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जायचं, म्हापशाच्या आझिलोत (जिल्हा इस्पितळात) दाखवायचं, की घराजवळच्या क्लिनिकात दहा सिटिंगचं पॅकेज घ्यायचं? माझ्या मते ही चर्चा उलट्या टोकाने सुरू होते. आधी विचारायला हवं की या दुखण्यात काम नेमकं कोणाचं आहे: मशीनचं, थेरपिस्टच्या हाताचं की आपलं स्वतःचं. चक्करेच्या एका प्रकारात थेरपिस्टचा हात काही मिनिटांत काम उरकतो. झिजलेल्या गुडघ्यात बहुतेक काम आपणच घरी करायचं असतं. अर्धांगवायूत तर घरचे सगळेच कामाला लागतात. हे कळलं की ठिकाण, खर्च आणि खेपा ठरवणं सोपं जातं.

मशीनचं आधी बोलून टाकू

क्लिनिकात गेल्यावर बऱ्याच जणांना पहिल्या दिवशीच पडद्यामागच्या खाटेवर झोपवून मशीन लावलं जातं. आयएफटी आणि टेन्समध्ये त्वचेवर पॅड चिकटवून हलका विद्युतप्रवाह सोडतात. अल्ट्रासाऊंडमध्ये जेल लावून दुखऱ्या जागी यंत्राचं डोकं फिरवतात. शॉर्टवेव्हने खोलवर शेक मिळतो आणि ट्रॅक्शनने मान किंवा कंबर ताणतात. झिणझिण्या येतात, ऊब मिळते, घरी जाईपर्यंत बरं वाटतं. पेशंटला ते आवडतं आणि क्लिनिकलाही सोयीचं असतं, कारण एक माणूस एकाच वेळी तीन-चार खाटा सांभाळू शकतो.

पुरावा मात्र या आवडीला साथ देत नाही. उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अल्ट्रासाऊंड, टेन्स, आयएफटी आणि ट्रॅक्शन देऊ नये असं सांगितलं, आणि २०२२ मध्ये झिजेच्या संधिवातासाठीही विद्युत उपचारांना नकार दिला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर सूचना काढल्या, त्यातही टेन्स, ट्रॅक्शन, अल्ट्रासाऊंड आणि कमरेचा पट्टा नेहमीच्या उपचारात वापरू नये असंच म्हटलं.

मशीन अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. दुखण्यामुळे पायही उचलवत नसेल, मशीनने थोडी उसंत मिळाली आणि त्या उसंतीत व्यायाम झाला, तर ते वाजवी आहे. दहाच्या दहा सिटिंग मशीनवरच गेल्या, तर आपण शेकाचे पैसे दिले, आणि तो शेक घरी गरम पाण्याच्या पिशवीने होतो. (फेणी चोळून तर तो गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या होतो आहे. चोळण्याने बरं वाटतं हे खरं, त्यात फेणीचा वाटा किती यावर वाद नको.) धारगळची आयुर्वेद संस्था किंवा शिरोड्याचं आयुर्वेद महाविद्यालय इथल्या तेलाच्या उपचारांचा विचार करणाऱ्यांनाही मी हेच विचारीन: स्नेहन (अंगाला तेल चोळणं) झालं, कटिबस्ती (कमरेवर कोमट तेल धरून ठेवणं) झाली, पण स्नायूला बळ आणायचा कार्यक्रम कोण देणार?

एक धोका सांगायलाच हवा. पेसमेकर असेल किंवा शेकायच्या जागी धातूची प्लेट, रॉड असेल, तर शॉर्टवेव्ह घेऊ नये. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर शेक किती गरम आहे ते कळत नाही आणि कातडी भाजते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. तेव्हा मशीन लावण्याआधी कोणी साखरेबद्दल विचारलं नाही, तर आपणच सांगावं.

गुडघा: व्यायाम, इंजेक्शन की सांधा बदलणं

विळीवर बसून नारळ खवणं, देवळात मांडी घालून भजनाला बसणं, जुन्या घरांच्या उंच पायऱ्या. साठीनंतर यातलं एकेक सुटायला लागतं आणि एक्स-रे बघून 'झीज आहे' असं सांगितलं जातं. झीज आहे म्हणून गुडघा कमी वापरायचा, हा त्यातून काढलेला अर्थ चुकीचा असतो. मांडीचा पुढचा स्नायू जितका दुबळा, तितका भार सांध्यावर जास्त येतो.

म्हणून व्यायाम पहिला. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, एका पायरीवर चढणं-उतरणं, झोपून सरळ पाय उचलणं, पार्श्वभागाच्या स्नायूंना काम देणं. डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये सुरू झालेल्या ग्लॅड या कार्यक्रमात समजावून सांगण्याची दोन सत्रं आणि देखरेखीखालचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, एवढंच असतं. म्हणजे महिनोन् महिने रोज क्लिनिकात जायची गरज नाही. व्यायाम शिकायला, दर आठवड्याला तो थोडा अवघड करून घ्यायला थेरपिस्ट हवा. बाकीचं घरी करायचं. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी पूर्वीइतकंच राहिलं तर ते चालतं. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर मात्रा कमी करावी. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि बरेच लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. हा हिशेब कुठल्याही मशीनपेक्षा जास्त उत्साह देणारा आहे.

स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वर जाऊ शकते. 'वंगणाचं' म्हणून दिलं जाणारं महागडं इंजेक्शन मी तरी यादीत शेवटी ठेवीन. नाइसने त्याला नकारच दिला आहे.

रात्री झोप उडते, बाजारापर्यंत चालवत नाही, व्यायामही मनापासून करून झाला, तर सांधा बदलणं हा चांगला पर्याय आहे. पण व्यायामाचा कंटाळा म्हणून ऑपरेशन, हे गणित फसतं. ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात, आणि मग गुडघा पूर्ण सरळ होणं आणि नव्वद अंशांच्या पुढे वाकणं यासाठी पुढचे काही आठवडे रोजची मेहनत असते. पहिले दोन-तीन आठवडे घरी फिजिओ बोलावण्यावर पैसे खर्च करावेत असं मला वाटतं. नंतर क्लिनिक पुरतं.

कंबर आणि मान

दिवसभर मोटरसायकल टॅक्सी चालवणारे पायलट असोत की पर्वरीच्या ऑफिसात बसणारे, कंबर धरली की दोन वाटा समोर येतात: आठवडाभर पडून राहणं किंवा एमआरआय काढणं. सहसा दोन्हींची घाई नको. चाळिशीनंतर एमआरआयमध्ये 'डिस्क सरकली', 'गॅप कमी झाली' असं ज्यांची कंबर दुखतच नाही अशा लोकांतही पुष्कळदा दिसतं. चालत राहणं, सोसेल तेवढी कामं करत राहणं आणि हळूहळू व्यायाम वाढवणं हे पडून राहण्यापेक्षा सरस ठरतं. पायात कळ जाणारी सायटिकाही बहुतेकांची दीड ते तीन महिन्यांत उतरते. थेरपिस्टने हाताने केलेलं मोबिलायझेशन (सांधा हलकेच हलवणं) किंवा मालिश व्यायामाच्या जोडीला चालतं. 'मणका बसवून देतो' म्हणणाऱ्याकडे मात्र मान सोपवू नका. मानेला दिलेल्या जोरदार झटक्याने क्वचित का होईना, रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर फिजिओची अपॉइंटमेंट विसरा. १०८ बोलावून थेट मोठ्या इस्पितळात जा, त्याच दिवशी.

जाम झालेला खांदा

हे मधुमेहींचं खास दुखणं. ब्लाउजचा मागचा हूक लागत नाही, शर्टाच्या बाहीत हात जात नाही. याचे तीन टप्पे असतात: आधी नुसतं दुखतं, मग खांदा आखडतो, मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षंही जातात. इथे निवड टप्प्यावर ठरते. पहिल्या, ठणकणाऱ्या टप्प्यात खांदा जोराने ओढून 'मोकळा' करणारा थेरपिस्ट टाळा. त्याने दुखणं भडकतं. त्या वेळी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि सोबत हलके व्यायाम हे चांगलं जमतं. आखडलेल्या टप्प्यात थेरपिस्टच्या हाताचं काम खरं, आणि रोज घरी काठीने, भिंतीवर बोटं चढवत हात वर नेणं.

भूल देऊन खांदा मोकळा करणं किंवा दुर्बिणीतून कापून सोडवणं, हे पर्यायही सांगितले जातात. ब्रिटनमध्ये ५०३ पेशंटांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या दोन्हींची तुलना इंजेक्शनसह फिजिओथेरपीशी केली. वर्षाअखेरीस कोणताच पर्याय ठळकपणे सरस निघाला नाही. गंभीर गुंतागुंती मात्र दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जास्त होत्या. म्हणून मी फिजिओ आणि इंजेक्शनपासून सुरुवात करीन, आणि सहा महिन्यांत काहीच हललं नाही तर पुढचं बोलीन.

अर्धांगवायू: इथे घर की इस्पितळ हा प्रश्न खरा

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, हे दिसताच साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं औषध मिळू शकेल अशा इस्पितळात पोचायचं. फिजिओ त्यानंतर. तोही लवकर, पण पहिल्याच चोवीस तासांत भरमसाट उठवू-बसवू नये: २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत तसं केल्याने निकाल उलट बिघडले.

सुधारणा सर्वांत वेगाने पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. सुट्टी मिळून पेशंट काणकोणला किंवा वाळपईला घरी आला की हाच काळ वाया जातो. काणकोणहून बांबोळी सत्तरेक किलोमीटर. व्हीलचेअरवरच्या माणसाला आठवड्यातून तीनदा नेणं म्हणजे नेणाऱ्याची नोकरी जाणं. इथे घरी येणारा फिजिओ महाग असला तरी बहुधा स्वस्तच पडतो, कारण तो त्याच खाटेवरून उठवतो, त्याच न्हाणीघरात आधार कुठे लावायचा ते बघतो आणि घरच्यांना शिकवतो. त्याने घरच्यांना काही शिकवलंच नाही, नुसता तासभर हातपाय हलवून गेला, तर दुसरा शोधा. चमचा धरणं, उठून उभं राहणं, पाऊल टाकणं अशी खरी कामं दिवसातून शेकडो वेळा झाली पाहिजेत. दुसऱ्याने हलवलेला हात त्याची जागा घेत नाही.

घरच्यांसाठी एक सूचना: उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका. खांदा निसटतो आणि मग महिनोन् महिने दुखतो.

थोडक्यात निकाल लागणारी दुखणी

कुशीवर वळताना खोली गरकन फिरते ती चक्कर बहुतेकदा कानातले बारीक खडे जागचे हलल्याने येते. इप्ली नावाची डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याची कृती एक-दोनदा केली की बहुतेकांचं भागतं. इथे दहा सिटिंगचं पॅकेज कोणी सांगितलं तर उठून या.

घोटा मुरगळणं. २०१२ पासून फुटबॉल हा आपला राज्यखेळ आहे, त्यामुळे हे दुखणं घरोघरी. चार पावलं टाकता येत नसतील किंवा हाडावरच दाबून दुखत असेल तर आधी एक्स-रे. हाड शाबूत असेल तर प्लास्टर नको. लवकर चालायला लागा, आणि सूज उतरली तरी एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम सोडू नका. नाहीतर तोच घोटा पुढच्या मोसमात पुन्हा मुरगळतो.

एका बाजूचा चेहरा अचानक लुळा पडला, कपाळावर आठीही पडत नाही पण हातपाय ठीक, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडून स्टिरॉइडच्या गोळ्या आणि न मिटणाऱ्या डोळ्याची काळजी हे महत्त्वाचं. शॉक देण्याच्या मशीनला भक्कम आधार नाही.

बाळंतपणानंतर शिंकताना लघवी सुटणं बायका सांगतच नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे, लघवी रोखताना आवळतात ते स्नायू आवळण्याचा व्यायाम, प्रत्येक वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने, हा त्यावरचा पहिला उपचार आहे. पण तो नीट जमतोय का हे एकदा जाणकार महिला फिजिओकडून बघून घ्यावं.

मग कुठे?

गोमेकॉ किंवा जिल्हा इस्पितळाचा मोठा फायदा असा की हाडांचे डॉक्टर, एक्स-रे आणि फिजिओ एकाच आवारात असतात आणि खिशाला फारसा चाट बसत नाही. नवीन, गुंतागुंतीचं, ऑपरेशननंतरचं दुखणं असेल तर मी तिथूनच सुरुवात करीन. तोटा गर्दीचा: दर खेपेला वेळ थोडा मिळतो, आणि सकाळची बस चुकली की दिवस गेला. गुडघा, कंबर यांसाठी एक मधला मार्ग आहे. सरकारी ओपीडीत निदान आणि व्यायामाचा आराखडा घ्यायचा, घरी करायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी दाखवायचा. खासगी क्लिनिक संध्याकाळी उघडं असतं आणि वेळ देतं, नोकरदाराला तेच परवडतं. तिथे पॅकेजचे पैसे एकरकमी भरू नका. तीन-चार सिटिंगनंतर काय बदललं ते विचारून पुढचं ठरवा.

फिजिओकडे किमान बीपीटीची (बॅचलर ऑफ फिजिओथेरपी) पदवी हवी, ती विचारायला लाजू नये. 'मसाज शिकलोय' हे उत्तर पुरेसं नाही. पहिल्या दिवशी तो तुम्हाला चालायला, वाकायला लावून तपासतो का, आणि निघताना घरी करायचा व्यायाम करून दाखवायला सांगतो का, तेवढं बघा. यातलं काहीच न करता थेट पडद्यामागे नेलं, तर दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जा.